ग्रीस-ऑइलने काळे झालेले हात: क्लीनर कोणता घ्यावा आणि कुठं ठेवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळ पिरनवाडीच्या पुढं खानापूर रस्त्याला ट्रॅक्टर आणि दुचाकीचं गॅरेज, पाच पोरं कामाला. आजवर डिझेलात हात बुडवायचे आणि मग कपड्यांची पावडर व लाकडाचा भुसा घेऊन चोळायचे, अशी रीत. आता दोघांच्या हाताला भेगा पडल्यात आणि एकाच्या बोटांच्या बेचक्यात सतत खाज आहे. तेव्हा तयार हँड क्लीनर कोणता आणावा, पाच किलोचा डबा एकदम घेतला तर टिकेल का, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो ठेवावा कुठं?

माझी सगळी नोकरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत झाली, आधी मशीन शॉपच्या मेंटेनन्सला आणि नंतर स्टोअरला. हात धुण्याच्या वस्तूंची खरेदी माझ्याकडंच असायची. त्यामुळं उत्तर जरा लांबेल, पण कामाचं तेवढं सगळं सांगतो.

सगळ्यात आधी डिझेल आजपासून बंद करा. रॉकेल, पेट्रोल आणि थिनरही. डिझेलनं ग्रीस निघतं हे खरं आहे, आणि ते का निघतं यातच त्याचा धोका आहे. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटी कातडीच्याच स्निग्ध पदार्थानं भरलेल्या असतात. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं हे त्या स्निग्धतेचं काम. डिझेलला ग्रीस कुठलं आणि कातडीचं तेल कुठलं ते कळत नाही. ते दोन्ही विरघळवतं. शिवाय पेट्रोल निदान उडून तरी जातं, डिझेल हातावर बसून राहतं आणि आपलं काम करत राहतं.

त्यावर तुमची पोरं कपड्यांची पावडर लावतात. निरोगी कातडी किंचित आम्ल असते, तिचा पीएच ५ च्या आसपास. पावडरीच्या पाण्याचा पीएच १० किंवा त्याच्याही वर असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कली. अशा पाण्यात कातडी फुगते, मऊ पडते, आणि नेमक्या त्याच वेळी पोरं तिच्यावर भुसा रगडतात. दिवसातून तीन-चार वेळा असं झालं की भेगा पडणारच. पुढचा धोका त्या भेगांतून आहे. इंजिनमधून निघालेल्या काळ्या ऑइलमध्ये वापराबरोबर काही घातक हायड्रोकार्बन साठत जातात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा वापरलेल्या ऑइलनं कातडीचा कॅन्सर झालेला आहे. धड कातडीपेक्षा फाटलेल्या कातडीतून ते आत जाणं सोपं. पेट्रोलची गोष्ट आणखी वेगळी: त्यात बेंझिन हे कॅन्सर आणणारं रसायन असतं, आणि त्याची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी सुटते. शेजारी ग्राइंडर चालू असताना पेट्रोलात हात धुणाऱ्याला मी जागेवर थांबवलेलं आहे आणि यापुढंही थांबवीन.

आता तयार क्लीनर काय करतो ते बघा. यांचा जन्मच आपल्यासारख्या कामगारांच्या हातांसाठी झाला. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रबराच्या कारखान्यातले कामगार ग्राफाइट आणि कार्बन ब्लॅकचे (काजळीसारख्या पुडीचे) काळे हात रॉकेल, बेंझिन असल्या गोष्टींनी धुवायचे. तिथल्या गोल्डी आणि जेरी लिपमन या नवरा-बायकोनं १९४६ मध्ये ‘गोजो’ हा बिनपाण्याचा क्लीनर काढला. पुढच्याच वर्षी इंग्लंडात डर्बीशायरमध्ये ऑडली विल्यमसन यांनी ‘स्वारफेगा’ ही हिरवी जेली बाजारात आणली. आजही बहुतेक क्लीनरांची रचना त्याच वळणाची आहे. ग्रीस सैल करणारा थोडासा द्रावक, तो पाण्यात मिसळून धुऊन जावा म्हणून साबणासारखा पदार्थ, गेलेल्या तेलाच्या बदल्यात लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीचं तेल) किंवा ग्लिसरीन, आणि काहींत घासायला बारीक कण. द्रावक इथंही असतो, पण थोडा असतो, मलमात अडकलेला असतो आणि मिनिटाभरात पाण्याबरोबर निघून जातो.

ही रचना कळली की वापरायची पद्धतही कळते. क्लीनर कोरड्या हातालाच लावायचा. बहुतेक जण आधी नळाखाली हात ओले करतात, मग क्लीनर घेतात आणि ‘याच्यापेक्षा डिझेल बरं’ म्हणतात. ओल्या हाताला लावला तर द्रावक ग्रीसपर्यंत पोचण्याआधीच पाण्यात फुटून जातो. म्हणून आधी फडक्यानं जाडजूड ग्रीस पुसून घ्या. अंगठी आणि घड्याळ काढा, कारण अंगठीखाली अडकलेला साबण हे खाजेचं नेहमीचं कारण आहे. मग छोट्या सुपारीएवढा क्लीनर, म्हणजे ३ ते ५ ग्रॅम, कोरड्या हातावर घेऊन अर्धा ते एक मिनिट चोळा. नखांच्या कडा, बोटांची पेरं आणि अंगठ्याचं मूळ विसरू नका. ग्रीस पातळ होऊन हातावर फिरायला लागलं की थोडं पाणी घ्या, फेस करा आणि मग भरपूर पाण्यानं धुऊन टाका. कोमट पाणी मिळालं तर उत्तम. कढत पाणी मात्र नको, तेही कातडीचं तेल काढतं. पुसायला स्वच्छ फडकं ठेवा. कॉटन वेस्टमध्ये, म्हणजे पुसायला घेतात त्या सुताच्या गुंत्यात, लोखंडाचा बारीक चुरा अडकलेला असतो आणि धुतलेल्या मऊ हाताला तो टोचतो.

कोणता घ्यावा याचं उत्तर हातावरची घाण कुठली आहे यावर आहे, आणि आपल्या भागात ती एका प्रकारची नाही.

दुचाकीचं इंजिन ऑइल, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल, लूमवरचं (मागावरचं) स्पिंडल ऑइल ही सगळी पातळ तेलं. शहापूर-वडगावातल्या लूमवाल्यांना आणि तुमच्या दुचाकीच्या कामाला कणवाला क्लीनर लागतच नाही. मलमासारखा साधा क्लीनर किंवा चांगलं लिक्विड हँडवॉशसुद्धा पुरतं. जिथं तेल फक्त कातडीवर बसलंय तिथं घासण्याची गरज नाही, आणि उगाच घासलं तर नुकसानच.

जुनं ग्रीस, गिअर ऑइल आणि त्यात मिसळलेली माती यांना कण लागतात. रोटाव्हेटर चिखलातून काढून आणला की त्याच्या बेअरिंगांवर जे बसलेलं असतं ते नुसत्या मलमानं निघत नाही. साखर कारखान्यांत तर आणखी अवघड. गळीत हंगामात मिलच्या मोठ्या उघड्या गिअरांवर चिकट काळं ग्रीस लावतात, ते डांबरासारखं चिकटतं. चिकोडी, रायबाग, अथणीकडचे फिटर या गोष्टीला वैतागलेले असतात. त्यांच्यासाठी संत्र्याच्या सालीच्या तेलाचा, म्हणजे डी-लिमोनिनचा, कणवाला क्लीनर चांगला. लिमोनिन डांबर आणि चिकट ग्रीस चांगलं सोडवतं.

बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या, कामाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बेळगावात फाउंड्र्या पुष्कळ आणि याबद्दलचा गैरसमजही मोठा. बिडाचा जॉब लेथवर घेतला की हात काळे होतात आणि सगळे म्हणतात ऑइल लागलंय. वास्तविक बीड बहुतेक वेळा कोरडंच कापतात. राखी बिडात साधारण ३ ते साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात. कापताना ते पापुद्रे सुटतात आणि हाताच्या रेषांत जाऊन बसतात. मोल्डिंगवरच्या, म्हणजे ओतकामाचे साचे करणाऱ्या, लोकांच्या हातावर कोळशाची पूड आणि ग्राफाइटचं कोटिंग असतं, तोच प्रकार. ग्राफाइट कशातच विरघळत नाही, ना डिझेलात ना लिमोनिनमध्ये. म्हणून अशा हातावर कितीही कडक द्रावक ओतला तरी काळेपणा राहतो, आणि माणूस आणखी कडक काहीतरी शोधतो. ग्राफाइट फक्त रेषांतून उचलून काढता येतं. त्यासाठी बारीक आणि बोथट कण हवेत, आणि ते वर तरंगत ठेवणारा चांगला फेस हवा. द्रावक कमी असला तरी चालतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे काम सुरू करण्याआधी रेषा भरून ठेवणं. त्यासाठी बॅरिअर क्रीम मिळतं. कामाआधी ते कोरड्या हातावर पातळ चोळायचं. नखांसाठी साबणाच्या ओल्या वडीवर नखं खरवडून घ्यायची. नखांत आधीच साबण बसला की काळं आत जायला जागा राहत नाही, आणि संध्याकाळी ते पाण्याबरोबर निघतं.

कुलंटमध्ये, म्हणजे कापताना धातू गार ठेवणाऱ्या द्रवात, दिवसभर हात असणाऱ्या सीएनसीवाल्यांचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या लोकांचा) प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या हाताला ग्रीस नसतं. ओल आणि कुलंटमधली रसायनं असतात. त्यांनी कडक क्लीनर वापरूच नये. रंगकाम करणाऱ्यांनी सिलिकॉन असलेली क्रीमं आणि क्लीनर टाळावेत, कारण हातावरचा सिलिकॉन पत्र्याला लागला की रंगाला बारीक खड्डे पडतात.

कणांबद्दल एक चाचणी घरी करता येते. चमचाभर क्लीनर पाण्याच्या ग्लासात ढवळून थोडा वेळ ठेवा. तळाला राखाडी-पांढरी पूड बसली तर प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा दगड. तपकिरी कण असतील तर अक्रोडाचं कवच किंवा तसलंच काही. कण वर तरंगले तर ते बहुधा प्लास्टिक आहे, आणि असा डबा घेऊ नये. ते प्लास्टिक मोरीतून थेट नाल्यात जातं. तळाचे कण बोटांत चोळून बघा. टोचले, चकाकले, वाळूसारखे करकरले तर तोही नको. नदीची वाळू आणि चुलीची राख यांनी हात घासायची आपल्याकडं जुनी सवय आहे, पण वाळूनं कातडीवर ओरखडे पडतात आणि राख चांगलीच अल्कली असते. माझी पसंती बारीक प्युमिस किंवा अक्रोडाच्या कवचाला.

डबा हातात घेतल्यावर लेबल वाचा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचा पत्ता आणि घटक हे दिसलं पाहिजे. घटकांत ‘पेट्रोलियम डिस्टिलेट’ पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असेल तर तो द्रावकावर जास्त चालणारा. तो जड ग्रीसपुरता ठेवा. ग्लिसरीन, लॅनोलिन किंवा कोरफड यांपैकी काहीतरी असावं. ‘मेथिलआयसोथायाझोलिनोन’ असं लांबलचक नाव दिसलं तर ते टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन आहे आणि काही लोकांना त्याची ॲलर्जी येते. ज्या पोराला आधीच खाज आहे त्याच्यासाठी ते नसलेला डबा शोधा. विक्रेत्याकडं सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाच्या सुरक्षेची माहिती देणारा कागद, मागा. तिचे १६ भाग असतात. सातव्यात कसा साठवायचा ते आणि नवव्यात पीएच व पेट घेण्याचं तापमान सापडतं. पीएच साडेपाच ते आठच्या मध्ये असला की मी समाधानी असतो. लेबल नसलेल्या कॅनमधून सुटा विकला जाणारा माल, मग तो कितीही स्वस्त असो, घेऊ नका. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

पाण्याकडंही लक्ष द्या. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं धरणाचं पाणी येतं. त्यात साबण बरा चालतो. तुमच्याकडं बोअरचं पाणी असेल आणि ते जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर साध्या साबणाची हातावर चिकट पांढरी साय बसते, फेस होत नाही, आणि पोरं जास्त जास्त साबण घासत राहतात. अशा ठिकाणी साबणाच्या वडीऐवजी सिंथेटिक फेसाचा लिक्विड हँडवॉश घ्या. थंडीत गार पाण्यानं ग्रीस धुणं म्हणजे तुपाचं भांडं गार पाण्यानं धुण्यासारखं आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी एक बादली पाणी उन्हात ठेवलंत तरी क्लीनर कमी लागेल.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा: दोन वस्तू ठेवा. ट्रॅक्टरच्या जड कामासाठी प्युमिस किंवा अक्रोडाच्या कवचाचा क्लीनर, आणि बाकी वेळेला सौम्य लिक्विड हँडवॉश. कणवाला क्लीनर दिवसातून दोनदा पुरे, जेवणाआधी आणि घरी जाताना. मधल्या चहाला हँडवॉश. आणि घरी जाताना हात धुतल्यावर, किंचित ओलसर असतानाच, खोबरेल किंवा व्हॅसलिन. हे सगळ्यांनी केलंच पाहिजे. क्लीनर कितीही चांगला असला तरी कातडीचं थोडं तेल जातंच, ते परत द्यावं लागतं. तेलाची बाटली हात धुण्याच्या जागीच ठेवली तर पोरं लावतील. कपाटात ठेवली तर कोणी लावणार नाही.

आता साठवण. पाच किलोचा डबा घ्यावा का, याचा हिशेब करू. एका धुण्याला ४ ग्रॅम धरले तर पाच किलोत १२५० धुणी होतात. पाच माणसं, दिवसाला दोन वेळा, म्हणजे रोज दहा धुणी. डबा १२५ दिवस चालेल. उघडलेला डबा चार महिने गॅरेजात राहणं मला पसंत नाही. एक-एक किलोचे दोन-तीन डबे घ्या, एक उघडा आणि बाकीचे सीलबंद राहू द्या. किलोमागं थोडे पैसे जास्त जातील, पण शेवटचा गोळाही पहिल्यासारखाच काम करील. वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्यानं मोठा डबा जरूर घ्यावा, त्यांचा तो महिन्याभरात संपतो.

उघडा डबा जास्त दिवस ठेवू नये याचं खरं कारण लिमोनिनच्या क्लीनरात आहे. लिमोनिनला हवा लागत राहिली की ते हळूहळू ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि त्यातून जे तयार होतं ते कातडीला ॲलर्जी आणणारं असतं. ताजं लिमोनिन तितकं त्रास देत नाही, हवा लागून जुनं झालेलं देतं. म्हणून झाकण रोजच्या रोज घट्ट हवं, डबा अर्ध्यावर आला की तो आधी संपवायचा, आणि वास बदलला, संत्र्याऐवजी जुनाट वार्निशसारखा यायला लागला, तर टाकून द्यायचा. लिमोनिन थर्माकोल विरघळवतं, त्यामुळं चहाच्या थर्माकोलच्या कपात काढून ठेवणं तर दूरच, थर्माकोलच्या खोक्यातही ठेवू नका. ते मूळच्या डब्यातच राहू द्या.

उन्हाळ्यात बेळगावची हवा बाकीच्या उत्तर कर्नाटकापेक्षा बरी, पण एप्रिलमध्ये पत्र्याखाली वरच्या फळीवर हात लावून बघा. बहुतेक क्लीनर ४० अंशांच्या आत ठेवायचे असतात. त्यावर गेलं की मलम फुटतं. वर तेलकट पाणी आणि खाली घट्ट गोळा. फुटलेलं मलम ढवळून पूर्वीसारखं होत नाही. वरून घेणाऱ्याला नुसता द्रावक मिळतो आणि तळाशी पोचणाऱ्याला नुसते कण. म्हणून डबा खालच्या फळीवर, भिंतीच्या सावलीच्या बाजूला, उन्हाचा कवडसा येणार नाही असा ठेवा. जमिनीवर थेट नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात फरशीला ओल धरते आणि पत्र्याचा डबा तळातून गंजतो. खाली लाकडी फळी घाला. नवा डबा मागं आणि जुना पुढं, म्हणजे जुना आधी संपतो. झाकणावर उघडल्याची तारीख मार्करनं लिहा.

पाणी घालून वाढवू नका. ही सवय मला ठिकठिकाणी दिसते. क्लीनरात टिकाऊपणाचं रसायन ठरावीक पाण्यासाठी मोजून घातलेलं असतं. आपण टाकीतलं पाणी घातलं की ते पातळ होतं आणि त्यात जंतू वाढतात. भेगा पडलेल्या हाताला असा क्लीनर लावणं म्हणजे जखमेत घाण भरणं. याच कारणासाठी पंपाच्या बाटलीत जुना थोडा शिल्लक असताना वरून नवा ओतायचा नाही. बाटली रिकामी करा, धुवा, पूर्ण वाळवा, मग भरा. कणवाल्याला साध्या हँडवॉशचा पंप चालत नाही, कण अडकून तो आठवड्यात बंद पडतो. त्याच कंपनीचा रुंद तोंडाचा पंप मागा. पंप नसेल तर डब्यात एक प्लास्टिकचा चमचा ठेवा. पाच जणांनी पाच काळी बोटं बुडवली की महिन्याभरात डब्यात क्लीनरपेक्षा काळं ऑइलच जास्त दिसायला लागतं.

सॉफ्ट ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत क्लीनर, डिझेल, थिनर काहीही काढून ठेवू नका. संत्र्याचा वास आणि केशरी रंग लहान मुलाला भुलवायला पुरेसा आहे. चुकून कोणी प्यायलं तर उलटी करवू नका. पेट्रोलियमचा द्रावक उलटीबरोबर फुफ्फुसात उतरला तर तो पोटात असल्यापेक्षा जास्त घात करतो. डबा घेऊन सरळ दवाखाना गाठा. डब्यावर मराठी आणि कन्नड दोन्हींत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आपल्याकडं एकाच गॅरेजात एक पोरगा एक वाचतो आणि दुसरा दुसरं.

गॅस कटिंगचा सेट असेल तर क्लीनरचा डबा, ग्रीस आणि ऑइलचं फडकं ऑक्सिजनच्या सिलिंडरपासून लांब. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. ग्रीसच्या किंवा नुकताच क्लीनर लावलेल्या न धुतलेल्या हातानं रेग्युलेटरला स्पर्शही करू नये. ऑइलची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

ग्लोव्हजबद्दल लोक विचारतात. पातळ नायट्रिलचे (तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे) ग्लोव्हज घालून ऑइल बदललं, इंजिन उघडलं तर हात धुण्याचं निम्मं काम वाचतं. पण लेथ, ड्रिल, ग्राइंडर, कुठलाही फिरता भाग समोर असताना ग्लोव्हज नकोत. ते ओढले जातात आणि बोट बरोबर जातं. बॅटरीचं ॲसिड उडालं तर क्लीनर शोधत बसू नका. आधी नळाखाली पंधरा-वीस मिनिटं भरपूर पाणी.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ट्रॅक्टरचं काम करता म्हणून सांगणं माझं कर्तव्य समजतो. हायड्रॉलिकच्या पाइपातून बारीक चीर पडून ऑइल उडत असेल तर ती चीर बोटानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा दाब दीडशे-दोनशे बारच्या घरात असतो, डिझेल इंजेक्टर तपासतानाही तसाच किंवा जास्त. एवढ्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते आणि बाहेर फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो. बरेचदा तो हात धुतानाच लक्षात येतो, दुखतही नाही, आणि माणूस क्लीनर लावून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजून टणक होतं. आत गेलेलं ऑइल शस्त्रक्रिया करूनच काढावं लागतं आणि उशीर झाला तर बोट कापावंही लागू शकतं. असा ठिपका दिसला की चोळायचं नाही. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात सर्जनकडं, आणि कुठलं ऑइल, किती दाब हे सांगायचं.

हात धुतल्याचं पाणी उघड्या गटारात सोडू नका. एक छोटी दोन-तीन कप्प्यांची टाकी बांधून घ्या. तेल वर राहतं, प्युमिस तळाला बसतं आणि पाणी मधून जातं. प्युमिस थेट पाइपात गेलं तर सिमेंटसारखं बसतं, हा तुमच्या फायद्याचा भाग. बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शहापूर-वडगावच्या भाताच्या शिवारात शिरतं, हे आपण बघतोच. तुमच्याकडचा ओढाही कुणाच्या तरी शेतात जात असणार.

कारखाना मोठा असेल तर हात धुण्याची नीट सोय करणं ही मालकाची जबाबदारीच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४२ व्या कलमानं ती घातलेली होती. तुमच्या गॅरेजला कायद्याचा बडगा लागू नसेल, पण पोरं तुमचीच आहेत.

त्या पोरांचं म्हणाल तर, भेगा पडलेल्या दोघांना कणवाला क्लीनर लगेच देऊ नका. दोन-तीन आठवडे फक्त सौम्य हँडवॉश, नायट्रिलचे ग्लोव्हज, आणि रात्री व्हॅसलिन जाड लावून सुती हातमोजे. साध्या कोरडेपणाच्या भेगा एवढ्यानं भरून येतात. ज्याच्या बेचक्यात खाज आहे त्याचं मात्र वेगळं बघावं लागेल. सतत ओल्या हातांच्या माणसाला तिथं बुरशीही होते आणि ॲलर्जीही, आणि दोन्ही दिसायला सारखीच. मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणून देऊ नका. त्यातल्या अनेकांत स्टेरॉइड असतं, बुरशी असेल तर ती दबून पसरते. त्याला सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठवा, आणि बरोबर तो ज्या ज्या वस्तूंना हात लावतो त्या सगळ्यांच्या लेबलांचे फोटो द्या: पावडर, ऑइल, ग्रीस, कुलंट, असतील तर ग्लोव्हजही. ॲलर्जीचा संशय आला तर डॉक्टर पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात, आणि कोणकोणत्या वस्तूंशी संबंध येतो हे कळलं तरच नेमक्या पट्ट्या निवडता येतात. निकाल येईपर्यंत त्याला ऑइलपासून दूर ठेवा. स्पेअर आणणं, जॉब कार्ड लिहिणं, टायर-ट्यूबचं कोरडं काम देता येईल. त्याचा पगार मात्र कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी खाज सुटली तर तो तुम्हाला सांगणारच नाही.